महासत्तेशी मैत्री: कोरियाचा हिशेब आणि आपलं करवीर

कोल्हापुरातल्या एका अभ्यासिकेत लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्या मुलीने विचारलेला प्रश्न असा: "दक्षिण कोरियाशी अमेरिकेचा लेखी संरक्षण करार आहे, हजारो अमेरिकी सैनिक तिथे राहतात. तरीही वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं की सोलमध्ये धाकधूक का सुरू होते? महासत्तेचं परराष्ट्र धोरण छोट्या मित्राच्या सुरक्षेवर नेमका कसा परिणाम करतं?"

मी फौजेतून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं दुसऱ्या देशांची सैन्यं काय करतायत यावर टिपणं लिहिण्यात गेली, आता याच विषयाचे वर्ग घेतो. सत्तासंतुलन वगैरे तुझ्या नोट्समध्ये आलंच असेल, ते परत उगाळत नाही.

माझ्या मते करारात काय लिहिलंय यापेक्षा महासत्तेला तो मित्र सध्या कशासाठी हवा आहे, यावर त्याची सुरक्षा ठरते. हे 'कशासाठी' कुठल्याही कलमात नसतं, आणि ते बदलताना छोट्या देशाला कोणी विचारत नाही. म्हणून त्याची निम्मी ताकद आपली गरज टिकवून ठेवण्यात जाते. त्या खटपटीचे फटके कधी कधी शेजाऱ्यांनाही बसतात.

कोरियात हे सगळं एकाच ठिकाणी बघायला मिळतं. जपान हरल्यावर 38 व्या अक्षांशावर देशाचे दोन तुकडे झाले. दक्षिणेतल्या लढाऊ फौजा अमेरिकेने जून 1949 पर्यंत काढून घेतल्या, मागे राहिले ते काही शे सल्लागार. 12 जानेवारी 1950 ला परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचिसन यांनी भाषणात अमेरिकेची पॅसिफिकमधली संरक्षणरेषा सांगितली: अल्यूशियन बेटं, जपान, र्‍युक्यू, फिलिपीन्स. कोरिया रेषेच्या बाहेर. 25 जूनला उत्तर कोरियाच्या फौजा खाली उतरल्या. या भाषणामुळेच युद्ध झालं असं बहुतेक गाइडांत सापडेल. मला ते पटत नाही. सोव्हिएत नेता स्टालिनने या हल्ल्याला होकार देण्यामागे चीनमधली क्रांती होती, ऑगस्ट 1949 ची सोव्हिएत अणुचाचणी होती, आणि अमेरिकी पलटणी प्रत्यक्ष निघून गेल्या होत्या. शत्रू भाषणं ऐकतो, पण मोजतो ते छावणीतले तंबू. गंमत म्हणजे ज्या देशाला अमेरिकेने रेषेबाहेर ठेवलं, त्याच्यासाठी ती काही दिवसांत युद्धात उतरली. कसलाच करार नव्हता. पण कोरिया गेला तर जपानचं काय आणि आपल्या शब्दाला युरोपात कोण विचारणार, हा हिशेब रातोरात पुढे आला होता.

करार झाला तो लढाई थांबताना, आणि तोही सहजासहजी नाही. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना शस्त्रसंधीच नको होती. अमेरिका सह्या करून निघून जाईल आणि आपण उघडे पडू, ही भीती. त्यांच्या फौजेचा ताबा जुलै 1950 पासून अमेरिकी सेनापतीकडे होता, म्हणजे एकट्याने लढायची सोय नव्हती. मग 18 जून 1953 ला त्यांनी एक डाव टाकला. छावण्यांतल्या सुमारे 27 हजार कम्युनिस्टविरोधी उत्तर कोरियन युद्धकैद्यांना रातोरात दारं उघडून दिली. कैद्यांचं काय करायचं यावरच तर वाटाघाटी दीडेक वर्ष रखडल्या होत्या. वॉशिंग्टन भडकलं, पण री यांना गप्प बसवायला त्याला संरक्षण कराराचा शब्द द्यावा लागला.

उरलेल्या, मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांची जबाबदारी मग भारताकडे आली. त्यासाठी गेलेल्या भारतीय अभिरक्षक दलाचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, पुढे लेफ्टनंट जनरल झाले ते. री यांना भारत कम्युनिस्टांकडे झुकलेला वाटायचा. भारतीय जवानाचं पाऊल आपल्या मातीला लागता कामा नये, अशी त्यांनी अट घातली. म्हणून इंचॉनला आलेल्या सुमारे 6 हजार भारतीय सैनिकांना अमेरिकी आरमाराने जहाजावरून हेलिकॉप्टरमध्ये बसवून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. तिथल्या एका कुंपणात चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. कोल्हापुरात त्यांचं नाव माहीत असणारे पुष्कळ भेटतात, पण ते तिथे कुणाच्या भांडणात उभे होते हे क्वचित सांगितलं जातं. महासत्ता आणि तिचा हट्टी मित्र यांच्यातल्या ओढाताणीत तिसऱ्या देशाची फौज मध्ये उभी होती.

करारावर 1 ऑक्टोबर 1953 ला सह्या झाल्या. त्याचा मजकूर एकदा स्वतः वाच, दोन पानांचाच आहे. हल्ला झाला तर प्रत्येक पक्ष 'आपापल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार' पाऊल उचलेल, एवढंच त्यात आहे. आपोआप युद्धात उतरण्याची हमी नाही. वर अमेरिकी सिनेटने मान्यता देताना स्पष्ट केलं की मदत बाहेरून हल्ला झाला तरच. म्हणजे री यांनी उत्तरेवर चढाई केली तर अमेरिका जबाबदार नाही. हा करार दुहेरी आहे. एक तोंड शत्रूकडे आहे आणि दुसरं खुद्द मित्राकडे, त्याला लगाम घालायला. वाचणारे पहिलं बघतात, दुसरं राहून जातं.

आता 1968. परीक्षेच्या दृष्टीने हे साल मी सगळ्यात मोलाचं मानतो.

त्या वेळी दक्षिण कोरियाचे जवळपास 50 हजार सैनिक व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावून लढत होते. 1964 ते 1973 या काळात एकूण 3 लाखांवर कोरियन सैनिक तिथे जाऊन आले. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी हे कम्युनिझमविरोधाच्या प्रेमापोटी केलं नव्हतं. अमेरिकेच्या पलटणी कोरियातून काढून व्हिएतनामला पाठवल्या जाऊ नयेत, आणि बदल्यात पैसा, शस्त्रं, कंत्राटं मिळावीत, हा रोखठोक व्यवहार होता. 21 जानेवारी 1968 ला उत्तर कोरियाचे 31 कमांडो सीमा ओलांडून सोलमध्ये घुसले, राष्ट्राध्यक्षांना ठार मारायला. त्यांच्या निवासापासून हाकेच्या अंतरावर ते अडवले गेले. दोनच दिवसांनी, 23 तारखेला, उत्तर कोरियाने अमेरिकेचं 'प्यूब्लो' हे हेरगिरीचं जहाज पकडलं.

पार्क यांना वाटलं, आता तरी अमेरिका उत्तरेला धडा शिकवेल. अमेरिकेने काय केलं? सीमेवरच्या पानमुंजॉममध्ये उत्तर कोरियाशी बंद दाराआड बोलणी सुरू केली, ती प्यूब्लोच्या खलाशांसाठी. सोलला त्या खोलीत जागा नव्हती. पार्क यांच्या घरावर झालेला हल्ला त्या बोलण्यांत मागे पडला. पार्क इतके संतापले की सूड म्हणून उत्तरेवर हल्ला करतील, अशी चिंता वॉशिंग्टनला वाटू लागली. त्यांना शांत करायला फेब्रुवारीत सायरस व्हॅन्स यांना खास दूत म्हणून पाठवलं, 10 कोटी डॉलरची जादा लष्करी मदत कबूल केली. खलाशी डिसेंबरमध्ये सुटले. अमेरिकेची बाजू मांडायची तर व्हिएतनामची आग पेटलेली असताना तिला दुसरी आघाडी परवडणारी नव्हती. पण पार्क त्या दिवसांत एक गोष्ट शिकले: मित्राच्या लढाईत आपली पोरं पाठवली म्हणून आपल्या लढाईत मित्र येईलच असं नाही.

पुढच्याच वर्षी त्याला दुजोरा मिळाला. जुलै 1969 मध्ये गुआम बेटावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन म्हणाले की आशियातल्या मित्रांनी आपल्या संरक्षणाचा मुख्य भार स्वतः उचलावा. 1971 मध्ये अमेरिकेची सातवी इन्फन्ट्री डिव्हिजन, सुमारे 20 हजार सैनिक, कोरियातून निघून गेली. पार्क यांनी दोन रस्ते धरले. एक उघड: 1970 मध्ये संरक्षण संशोधन संस्था काढली आणि स्वदेशी शस्त्रनिर्मितीला जुंपली. दुसरा लपून: अण्वस्त्राची तयारी. त्यासाठी फ्रान्सकडून पुनर्प्रक्रिया प्रकल्प घ्यायचा घाट घातला. अमेरिकेने इतका दाब आणला की 1976 च्या सुरुवातीला तो व्यवहार मोडला. बघ कसं आहे: महासत्तेने संरक्षणाची छत्री मागे घेतली की मित्र स्वतःची छत्री शिवायला बसतो, आणि मग महासत्ता म्हणते, तीही शिवायची नाही.

पहिल्या रस्त्याचं फळ आपण इथे भारतात बघतो आहोत. त्या शस्त्रउद्योगातून पुढे के-9 ही स्वतःच्या इंजिनावर चालणारी तोफ आली. तीच भारतात 'के-9 वज्र' म्हणून हजिऱ्याला तयार होते. 2017 च्या करारानुसार 100 तोफा आपल्या फौजेत आल्या आणि त्यातल्या काही लडाखमध्ये चीनसमोर उभ्या राहिल्या. 2022 मध्ये पोलंडनेही कोरियाकडून रणगाडे आणि याच तोफा मागवल्या. निक्सनच्या एका धोरणाचे धागे पन्नास वर्षांनी लडाखपर्यंत आणि पोलंडपर्यंत पोचतात. धोरणाचा परिणाम त्याच वर्षी शोधायचा नसतो, हे उत्तर लिहिताना ध्यानात ठेव.

कार्टर यांनी तर निवडणुकीत सांगूनच ठेवलं होतं की कोरियातलं पायदळ काढून घेईन. 1977 मध्ये तिथल्या अमेरिकी सेनेचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल सिंगलॉब यांनी, यातून युद्ध होईल, असं वृत्तपत्राला उघड सांगितलं. कार्टरनी त्यांना त्या जागेवरून हटवलं. दरम्यान उत्तरेची फौज आधीच्या अंदाजापेक्षा बरीच मोठी असल्याचं हेरखात्याने दाखवलं आणि 1979 मध्ये माघार स्थगित झाली. बेत कागदावरून पुसला गेला तरी दोन वर्षं सोल त्याच धास्तीत जगलं.

इथपर्यंत मित्र सोडून जाईल ही भीती. दुसरी भीती उलटी असते: मित्र आपल्याला नको त्या भांडणात ओढेल. 1994 मध्ये क्लिंटन सरकार उत्तर कोरियातल्या यॉन्गब्यॉनच्या अणुकेंद्रावर हल्ल्याचा विचार करत होतं. सोल सीमेपासून जेमतेम 50 किलोमीटर, उत्तरेच्या तोफांच्या टप्प्यात. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष किम यंग-सॅम यांचा कडाडून विरोध होता. तो पेच सोडवायला प्याँगयांगला गेले ते माजी राष्ट्राध्यक्ष कार्टर, हा नियतीचा विनोद. 2016 मध्ये अमेरिकेची थाड क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा कोरियात आणायचं ठरलं. सोंगजू गावाजवळचं लोत्ते कंपनीचं गोल्फ मैदान त्यासाठी दिलं गेलं. यंत्रणा अमेरिकेची, राग चीनचा, आणि भुर्दंड लोत्तेला. चीनमधली त्यांची डझनावारी दुकानं अग्निसुरक्षेचं निमित्त करून बंद पाडली गेली, चिनी पर्यटकांचे जथे थांबले. शेवटी लोत्तेने तिथल्या दुकानांचा धंदा आवरला.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत दोन्ही भीती एकदमच आल्या. 2017 मध्ये युद्धाची भाषा, आणि 12 जून 2018 ला सिंगापूरला किम जोंग-उन यांना भेटून लगेच जाहीर केलं की संयुक्त युद्धसराव बंद. याचा नेमका अर्थ काय ते समजून घ्यावं लागेल, असं सोलच्या संरक्षण मंत्रालयाला म्हणावं लागलं. ज्या सरावात त्यांचंच सैन्य असतं, तो थांबल्याचं त्यांना पत्रकार परिषदेतून कळलं. 2019 मध्ये फौजेच्या खर्चाचा वाटा जवळपास पाचपट करा, म्हणजे सुमारे 5 अब्ज डॉलर द्या, अशी मागणी झाली. बायडन आल्यावर 2021 मध्ये ती 13.9 टक्के वाढीवर मिटली. एप्रिल 2023 च्या वॉशिंग्टन जाहीरनाम्यात अण्वस्त्रांबाबत सल्लामसलतीचा गट स्थापन झाला, बदल्यात कोरियाने स्वतः अण्वस्त्रं न बनवण्याचा शब्द पुन्हा दिला. पार्क यांच्या काळातलीच देवाणघेवाण, फक्त या वेळी उजेडात.

हे झालं मित्राचं. पण तुझ्या प्रश्नात एक बाजू राहून गेली आहे, ती शेजाऱ्याची. आपण भारतीयांना ती जास्त ओळखीची असायला हवी. 1954 मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला शस्त्रं द्यायचं ठरवलं, कम्युनिझम अडवायला. ती भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, असं आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्राने कळवलं. 1965 मध्ये तेच पॅटन रणगाडे खेमकरणच्या शेतात आले आणि असल उत्तरला मोडून पडले. महासत्तेचा शत्रू वेगळा आणि तिच्या मित्राचा शत्रू वेगळा असला, की दिलेली शस्त्रं मित्राच्या शत्रूकडेच वळतात. अमेरिकेने मग दोन्ही देशांची शस्त्रं रोखली. पाकिस्तानला हा विश्वासघात वाटला आणि ते चीनकडे आणखी सरकलं. त्याचे परिणाम आपण अजून भोगतोय.

1990 चं उदाहरण तर याहून स्वच्छ आहे. पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही असा दाखला अमेरिकी राष्ट्राध्यक्षाने दर वर्षी दिला तरच मदत मिळेल, अशी प्रेसलर दुरुस्ती 1985 ची. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा होत्या तोवर दाखला दर वर्षी बिनबोभाट मिळाला. फेब्रुवारी 1989 मध्ये त्या फौजा गेल्या. ऑक्टोबर 1990 मध्ये दाखला थांबला, मदत तुटली, आणि पाकिस्तानसाठी बनवलेली 28 एफ-16 विमानं अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. इस्लामाबादचा अणुकार्यक्रम काही त्या एका वर्षात उगवला नव्हता. वॉशिंग्टनची गरज तेवढी संपली होती.

तैवानची गोष्ट दोन ओळींत: 1954 चा संरक्षण करार होता. डिसेंबर 1978 मध्ये चीनशी संबंध जुळवताना अमेरिकेने तो एका वर्षाच्या नोटिशीवर रद्द केला. राष्ट्राध्यक्ष च्यांग चिंग-कुओ यांना मध्यरात्री उठवून ही बातमी सांगितली गेली, जाहीर घोषणेच्या काही तास आधी.

आणि हे सगळं शिकायला कोरियापर्यंत जायलाच हवं असंही नाही. आपलं करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थान, या वाटेने गेलेलं आहे. निपाणकरांनी चिकोडी-मनोळी बळकावलेली, पुण्याच्या पेशव्यांशी वैर, असा कोंडमारा असताना कोल्हापूरकरांनी 1812 मध्ये इंग्रजांशी तह केला. बाहेरच्या हल्ल्यापासून संरक्षण मिळालं. मोबदल्यात मालवणचं बंदर आणि किल्ले गेले, इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी लढायचं नाही आणि तंटा असेल तर निवाडा त्यांच्याकडून घ्यायचा, हे कबूल करावं लागलं. म्हणजे तोच दुहेरी करार, शत्रूला धाक आणि मित्राला लगाम. 1817 च्या युद्धात कोल्हापूर इंग्रजांच्या बाजूने राहिलं आणि बक्षीस म्हणून चिकोडी-मनोळी परत मिळाली. पण 1818 ला पेशवाई बुडाली आणि कोल्हापूरची गरजही तिच्याबरोबरच बुडाली. 1822 ते 1829 या काळात इंग्रजांनी तीनदा कोल्हापूरवर फौज चालवली, दरबाराच्या सैन्यावर मर्यादा घातली, चिकोडी-मनोळी काढून घेतली. पुढे त्यांनी नेमलेल्या कारभाऱ्याने गडकऱ्यांच्या वतनांना हात घातला, तेव्हा 1844 मध्ये सामानगड पेटला आणि पाठोपाठ पन्हाळाही. दक्षिण कोरिया सार्वभौम आहे आणि करवीर मांडलिक झालं होतं, तेव्हा दोन्ही एका मापाने मोजू नकोस. पण शत्रू संपल्यावर मित्राची किंमत कशी उतरते, हे इथे आपल्याच गडांवर दिसतं.

मग छोट्याने महासत्तेच्या वाऱ्याला उभंच राहू नये का? असं मी म्हणणार नाही. कोरियाने त्या छत्रीखाली सत्तर वर्षांत जे उभं केलं ते बघता त्यांचा सौदा फायद्याचाच ठरला. आपणही ऑगस्ट 1971 मध्ये सोव्हिएत संघाशी तह केला, पण त्यात एकमेकांसाठी लढण्याचं कलम नव्हतं, सल्लामसलतीचं होतं. ना त्यांचे तळ इथे, ना आपल्या फौजेचा ताबा त्यांच्याकडे. चार महिन्यांनी अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं तेव्हा तेवढाच तह कामी आला. अर्थात भारताचा आकार होता म्हणून असा तह परवडला, सोलकडे ती चैन नाही.

आता बातम्या वाचताना काय बघायचं ते सांगतो. नेत्यांच्या गळाभेटी आणि 'अभेद्य मैत्री' वगैरे सोडून दे. कोरियात सध्या साधारण 28,500 अमेरिकी सैनिक आहेत, पण आकड्यापेक्षा ते कुठल्या कामासाठी आहेत हे शोध. फक्त उत्तरेसाठी, की तैवानच्या प्रसंगीही ते हलवले जाणार? या एका मुद्द्यावर सोलची दोन्ही भीती एकत्र येतात. मार्च आणि ऑगस्टचे मोठे युद्धसराव होतात की आटोपते घेतले जातात, ते बघ. शांतताकाळातला फौजेचा ताबा सोलला 1994 मध्ये परत मिळाला, युद्धकाळातला अजून नाही. त्याची तारीख वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाते आहे, आणि ढकलणाऱ्यांत कोरियन सरकारंही होती. ती का, हे समजलं तर विषयाचा मोठा भाग हातात आला असं समज. ताबा घेतला तर अमेरिकेला निघायला निमित्त मिळेल, ही त्यामागची धास्ती आहे.

परीक्षेत 250 शब्दांत लिहायची वेळ आली तर 1968 आणि 1990 ही दोनच उदाहरणं घे आणि ती नीट उलगड. अ‍ॅचिसनचं भाषण सगळेच लिहितात.